मध्यंतरापर्यंतचा राजपुत्र

आधी आक्काचं सांगतो, मग पिच्चरचं.

वडगाव निंबाळकरच्या दूध डेअरीत एका संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागेवर आक्का बसली. एवढंच. ऐकणाऱ्याला यात काही मोठं वाटणार नाही. पण ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे त्याला विचारा, स्वतःची धार मागंपुढं करून दुसऱ्याच्या कामावर बसणं म्हणजे काय असतं. आक्का माझ्या नात्याची नाही, गावची तर नाहीच नाही. तिनं ती संध्याकाळ मला दिली म्हणून मला एका पिच्चरचा शेवट बघता आला, आणि तो शेवट बघितला म्हणून मी घरी गेलो.

मी भंडाऱ्याकडचा. सातवीच्या सहामाहीनंतर शाळा सुटली. त्या वर्षीच्या इतिहासाच्या पुस्तकातली दिवाळीनंतरची पानं वाचायची राहिली ती राहिलीच. पुढं पाइपलाइन टाकणाऱ्या टोळीबरोबर काम करत करत या बाजूला आलो. टोळी सोलापूरकडं सरकली तेव्हा मी तापानं पडलेलो. आक्काच्या गोठ्याशेजारच्या खोलीत आमची फावडी-कुदळी ठेवलेली असायची, तिथंच मी अंगावर पोतं घेऊन निजलो होतो. आक्का धारेला आली, मला बघितलं, आणि मुकादमाला म्हणाली, "ह्ये पोरगं आत्ता न्हेऊ नका. मरंल वाटंत."

ताप उतरल्यावर तिनंच मला डेअरीत नेऊन उभं केलं. डेअरीचे सेक्रेटरी वयस्कर होते, सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठला म्हनायचा ह्यो?"

"लांबचा हाय. पन हात सवच्छ हायती त्येचं."

"पळून गेला म्हंजी?"

"पळून जायाला त्येला रस्ता तरी म्हाईत हाय का, तात्या?" आक्का म्हणाली. "माझ्याकडं ऱ्हाईल. काय झालं तर माझी म्हस न्या सोडून."

म्हशीवर बोली केल्यावर तात्यांनी माझ्या हातात घासायला कॅन दिला.

तिला मी सुरुवातीला "हो जी, आक्काजी" असं म्हणायचो. सगळी रांग हसायची. शेवटी आक्काच वैतागली. "मला काय सरपंच समजतोस का रं? सरळ 'ये आक्का' म्हन." तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करतो.

काम अवघड नव्हतं. कॅन घासून धुवायचे, दुधाचं माप घ्यायचं, प्रत्येकाचं सॅम्पल बाटलीत काढून तात्यांपुढं ठेवायचं, गाडी आली की कॅन वर चढवायचे. फॅटचं मशीन तात्यांच्या हातात. पण मला धास्ती भारी. बाटल्यांची अदलाबदल झाली तर? कॅनला वास राहिला आणि सगळं दूध नासलं तर? परक्या मुलखात माणसाला चूक परवडत नाही असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी एक वेळही दांडी मारली नव्हती. घरीही गेलो नव्हतो. सुट्टी मागितली तर जागा जाईल ही भीती होतीच, पण खरी भीती दुसरीच होती. इतक्या वर्षांनी गेलो तर घरचे मला पाहुण्यासारखं बसवतील, चहा देतील, आणि कधी जाणार म्हणून विचारतील, असं वाटायचं. ओळखतील की नाही, इथपर्यंत मन जायचं.

आता इकडची पिच्चर बघायची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बारामतीच्या थेटरात दुपारी बाराला एखादा जुना पिच्चर लागायचा. नवा पिच्चर तीनला, सहाला आणि नऊला. सहाचा किंवा नऊचा बघितला तर परतीची एसटी नाही, आणि पहाटेची धार बुडते. तीनचा पूर्ण बघितला तर संध्याकाळची धार बुडते. म्हणून वडगाव, सांगवी आणि आसपासच्या सगळ्या दुधाच्या गावांनी आपला मार्ग काढला होता. तीनला जाऊन बसायचं, आणि मध्यंतराचे दिवे लागले की उठून थेट एसटी स्टँड गाठायचं. दारावरचा माणूस ओळखीचा झालेला. मध्यंतराला दार उघडून ओरडायचा, "चला दूधवालं, म्हशी वाट बघत्यात!" एका बाजूच्या खुर्च्या पार रिकाम्या व्हायच्या.

त्यामुळं आमच्या गावात पिच्चर म्हणजे मध्यंतरापर्यंतच. नायक-नायिकेचं जमलंय, खलनायक मजेत आहे, कुणाचं काही बिघडलेलं नाही, असेच सगळे पिच्चर आमच्या लक्षात राहायचे. उरलेला भाग सांगायला एक आबा होते. म्हशी विकून मोकळे झालेले, पण मुलाच्या घरचं दूध घालायला रोज डेअरीत यायचे. त्यांनी स्वतः थेटरात पाऊल टाकलं नव्हतं. तरी प्रत्येक पिच्चरचा मध्यंतरानंतरचा भाग ते छातीठोक सांगायचे. त्यांचा शेवट ठरलेला असायचा. खलनायक विहिरीत पडायचा, नायकाची सुटका व्हायची आणि त्याच्या गाईला कालवड व्हायची. लोकांना माहीत होतं की आबा मनचं सांगतात. पण रांगेत वेळ बरा जायचा.

असं चाललेलं असताना तो पिच्चर आला.

ऐतिहासिक होता, हिंदी, आणि खर्च केलेला असा की बारामतीत पोस्टरपुढंच माणसं तासन् तास उभी राहायची. पोस्टरवर हत्तींची रांग आणि मागं किल्ला. मला तात्यांनी दुपारी सोडलं, पण बजावून. "कॅन धुतल्यात, ठीक हाय. पन दूध यायच्या आत तू हितं पायजे." आक्कानं आणि मी एकच एसटी पकडली. थेटरात आक्का पुढं बायकांच्यात बसली, मी मागं.

आजही डोळे मिटले की तो पहिला भाग दिसतो. पडद्यावर आधी नुसतं धुकं. धुक्यात घंटा वाजते. मग त्यातून हत्तीची सोंड बाहेर येते, मग सुळे, मग पाठीवरची सोन्याची झूल, आणि धुकं सरकतं तसे एकामागून एक हत्तीच हत्ती. पुढच्या रांगेतला कुणीतरी "आई गं" म्हणाला आणि कुणी हसलं नाही. राजाच्या दरबारात इतके दिवे लावले होते की आमच्या तोंडांवर उजेड पडला. मी शेजारच्या माणसांकडं बघितलं. उन्हानं रापलेली ती सगळी तोंडं पिवळीधमक झाली होती, जणू आम्हालाही दरबारात बसवलंय. एका प्रसंगात मुदपाकखाना दाखवला. तांब्याच्या हंड्यांमध्ये दूध उकळत होतं, आणि एक हंडा ओतला तर साय पडद्यावरून खाली येईल असं वाटलं. त्या एका प्रसंगाला आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

राजा लढाईवर जातो. बादशहाची फौज मोठी. तह होतो, आणि तहात ठरतं की धाकट्या राजपुत्रानं बादशहाच्या दरबारात ओलीस राहायचं. राणी त्याला स्वतःच्या हातानं कपडे घालते. तेव्हा सगळं संगीत बंद. नुसता बांगड्यांचा आवाज. हिरवा शालू नेसलेली राणी किल्ल्याच्या दरवाजात उभी राहते आणि पोर हत्तीवर बसून निघतं. ते मागं वळून बघतं. राणी रडत नाही. हत्ती लहान होत जातो, दरवाजा लहान होत जातो, आणि पोर अजून मागंच बघतंय. तिथं पाटी आली, मध्यंतर.

दिवे लागले. "चला दूधवालं!" मी उठलो. पाय चालत होते, पण माझं सगळं लक्ष त्या पाटीवर अडकून पडलं होतं. एसटीत आक्का माझ्याकडं बघत होती. मी खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशीपासून मी ज्याला त्याला विचारायला लागलो. आमच्यातलं कुणी शेवट बघणं शक्य नव्हतं. पण बारामतीला कॉलेजला जाणारी, होस्टेलवर राहणारी पोरं रविवारी गावात यायची. एकाला गाठलं.

"तो राजाचा पोरगा परत येतो का जी?"

"लढाई लय भारी हाय राव! हत्तीवरनं ह्यो असा बाण मारतो."

"हो, पण पोरगा?"

"कुठला पोरगा?"

"ओलीस ठेवलेला. लहान."

त्यानं डोकं खाजवलं. "त्ये काय ध्यानात न्हाय बघ. पन आग लागती किल्ल्याला, ती बघाया पायजे."

आबांना विचारायची गरजच नव्हती, ते स्वतःच सांगत होते. "त्ये पोरगं पेटाऱ्यात बसून येतंय निसटून."

"आबा, त्ये पेटाऱ्याचं येगळं," रांगेतला एकजण म्हणाला. "त्ये आपल्या म्हाराजांचं. ह्यो राजा दुसरा हाय."

"मग दुसऱ्या राजाला पेटारा मिळत न्हाय का?" आबा तापले. "एवढं हत्ती मिळालं, पेटारा मिळंना व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण माप भरलं तरी मी ओततच राहिलो. तात्यांनी ते बघितलं. "सांडू नगंस रं. दूध हाय त्ये."

असे काही दिवस गेले आणि बारामतीतून पिच्चर उतरला. पोस्टर फाडून दुसरं लावलं. मला उगाचच घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. त्याच दिवशी आक्काच्या माहेराहून, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या कळसहून, तिचा भाऊ आला. पूर्वी या माणसांचा मेंढरांचा कळप होता, आक्काचं लहानपण कळपामागं रानोमाळ फिरण्यात गेलेलं. आता भाऊ ऊस करत होता. जेवताना तो सहज बोलून गेला की इंदापुरात हत्तीचा पिच्चर लागलाय, शुक्रवारपासून.

मी भाकरी तोडत होतो, तो थांबलो. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि भावाला म्हणाली, "दादा, ह्येला तुझ्याकडं एक मुक्काम घाल."

"कशाला?"

"त्येला त्या पोराचं लागून ऱ्हायलंय."

मी म्हणालो, "नको आक्का. डेअरी?"

"डेअरीत मी बसती."

"आणि तुझी धार?"

"तू काय मला धार शिकवाया लागलास? बघती माझं मी."

तात्यांपुढं हा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, झालं, गेली जागा. तात्या चष्मा काढून पुसत बसले.

"पिच्चर? पिच्चरसाठी रजा?"

"आजवर एक येळ तरी चुकलाय का त्यो?" आक्का म्हणाली.

"आनि माप कोन घेनार? सॅम्पल?"

"मी. रोज रांगंत हुभी ऱ्हाऊन बघतीच की. त्येवडं न्हाय का येनार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, मग आज तुमच्या दुधाला फॅट लागनार बघा लय!"

"माझ्या दुधाला रोजच लागतंय," आक्का मागं न वळता म्हणाली. "तुझ्या दुधाला लागाया हिरीचं पानी कमी घाल."

रांग फुटली हसून. तात्याही हसले, आणि हसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. "सकाळच्याला गाडी यायच्या टायमाला आला तर बरं," एवढंच म्हणाले.

इंदापूरला मी दुपारी पोचलो. थेटर बारामतीपेक्षा लहान, पंखे घरघर करणारे. तीनचा खेळ. पहिला भाग पुन्हा बघितला. धुकं, घंटा, हत्ती, दिवे. पाठ झालेलं होतं, तरी बांगड्यांचा आवाज आला तसा मी खुर्चीत पुढं सरकलो. पोर वळून बघत राहिलं. मध्यंतराची पाटी आली. दिवे लागले.

आणि मी उठलो.

विचार करून नाही. पायच उठले. इतर माणसंही उठत होती, भराभरा दाराकडं चालली होती, मी त्यांच्यात मिसळलो. बाहेर ऊन होतं. रस्ता ओलांडला. स्टँडकडं वळलो. बारामतीची गाडी लागलेली दिसली आणि मी पळायलाच लागलो. पायरीवर पाय ठेवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "कुठं?" आणि मला सांगता येईना. मी कुठं निघालो होतो? कुणाची धार राहिली होती? माझ्याकडं तर म्हैसही नव्हती. कॅन आक्का घासत होती.

तसाच उलटा पळालो. थेटरचं दार लावलेलं. आतून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. दारावरच्या म्हाताऱ्यानं मला अडवलं.

"अर्ध्यातनं कुठं घुसतोस?"

"मी आतच होतो जी. मध्यंतराला बाहेर आलो. चुकून."

"चुकून? च्या पियाला गेलतास का?"

"एसटी धरायला."

म्हाताऱ्यानं मान तिरकी करून मला बघितलं. "दुधाच्या गावचा का तू?"

"हो."

"मग बरूबर हाय." त्यानं कडी काढली. "रोज एक तरी असतोच. परवा कळसचा एक पार भिगवनच्या गाडीत जाऊन बसला हुता, बायकूला आत सोडून. जा, लय न्हाय झालं अजून."

खुर्ची गेली होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

पोरगं आता मोठं झालं होतं. बादशहाच्या दरबारात वाढलेलं, त्यांच्यासारखे कपडे, त्यांच्यासारखं बोलणं. कॉलेजच्या पोरानं सांगितलेली लढाई आली. खरंच भारी होती, खोटं का बोला. हत्तीवर हत्ती आदळले, नदी ओलांडणाऱ्या फौजेनं पाणी दिसेनासं झालं, किल्ल्याला आग लागली तेव्हा पडद्याच्या लालीनं भिंतीवरची माझी सावली हलायला लागली. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी शिट्टी मारली असती. पण मी बघत होतो ते एवढंच, की आग विझल्यावर कोण येतं.

आणि तिथं ज्यानं तो पिच्चर काढला त्या माणसाला मनोमन हात जोडले मी. कारण एवढे हत्ती, एवढे दिवे, एवढी फौज दाखवून झाल्यावर त्यानं शेवटी काहीच ठेवलं नाही. जळका दरवाजा. दुपारचं ऊन. दरवाजाशेजारी एक म्हातारी सुपात धान्य पाखडतेय. ढोल नाही, सनई नाही, सुपाचा आवाज फक्त. लांबून एक घोडेस्वार येतो. तोच पोरगा. सुटून आलेला. त्याचं तोंड बघून वाटतं, हा वाटभर एकच गोष्ट ठरवत आला असेल, आई मला ओळखेल का? मी भिंतीला घट्ट टेकलो. माझाच प्रश्न तो.

तो घोडा थांबवतो. म्हातारीला म्हणतो, "राणीसाहेबांना वर्दी द्या. त्यांचा मुलगा आलाय."

म्हातारी वर बघते.

ती राणीच होती.

तिनं त्याला ओळखलं होतं. बघताक्षणी. पोरानंच तिला ओळखलं नव्हतं. थेटरातल्या सगळ्यांना कळलं, त्याला एकट्याला कळलं नाही. पुढच्या बायका तोंडाला पदर लावून "अगं बया, तीच हाय, तीच हाय" असं पडद्याकडं बघून सांगायला लागल्या, जणू तो ऐकणार होता. राणी उठली. सूप खाली ठेवलं. "सांगते," म्हणाली आणि आत गेली. तो घोड्याजवळ उभा. बराच वेळ दार रिकामं. मग ती बाहेर आली. अंगावर तोच हिरवा शालू. त्या दिवशीचा. त्याला ओळखता यावं म्हणून नेसून आली होती.

त्यानं पगडी काढली आणि जमिनीवर डोकं ठेवलं. तिनं हात उचलला, तिथंच पिच्चर संपला. समाप्तची पाटी मी वडगावात आल्यापासून पहिल्यांदाच बघत होतो.

सहा कधीच वाजून गेले होते. मी बाहेर आलो तर कळसचे मामा, म्हणजे आक्काचे भाऊ, गाडी घेऊन उभे. मला बघून म्हणाले, "काय रं, मारलं का काय कुनी?" मी गाडीवर मागं बसलो. जे मला कधीच सुचलं नव्हतं ते त्या पिच्चरनं सांगितलं होतं. इतकी वर्षं मी एवढंच धरून बसलो होतो की मी बदललोय, मला कोण ओळखणार. घरी माझी मायही तिकडं बदलत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्या डोक्यात ती अजून शाळा सुटली त्या दिवशीचीच होती.

सकाळची पहिली एसटी धरून वडगावला पोचलो तेव्हा संकलन चालू होतं. आक्का मापावर, डोक्याला पदर घट्ट बांधून. मला बघताच रांगेतून आवाज सुरू झाले.

"आला आला! बोल, पोरगं आलं का परत?"

"आधी कॅन घासू दे त्येला," तात्या म्हणाले.

मी माप हातात घेतलं आणि सांगायला लागलो. माप घेता घेता, बाटल्या भरता भरता. फौज नदीत उतरली तेवढ्यात दुधाची गाडी आली.

"राहिलेलं संध्याकाळी," मी म्हणालो.

"ये भाड्या!" आबा ओरडले. "आता तूबी मध्यंतरच करतोस व्हय?"

त्या संध्याकाळी वडगावचं दूध वेळेच्या आधी आलं. तात्या म्हणाले, डेअरी सुरू झाल्यापासून असं झालं नव्हतं. मी आग सांगितली, दरवाजा सांगितला, सूप सांगितलं. राणी आत गेली इथपर्यंत आलो तेव्हा रांग पुढं सरकायची थांबली होती. आक्का किटली घेऊन उभी होती. मी सांगायच्या आधीच ती हळूच म्हणाली, "शालू नेसून आली असंल."

"हो. तोच हिरवा."

"ढिला झाला असंल तिला आता." मग किटली माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "तिनं लाजवलं न्हाय त्येला. शानी बाई."

खरंच, शालू ढिला होता. खांद्यावरून सरकत होता. मी बघितलं होतं, पण ते मला कळलं आक्का बोलली तेव्हा.

आबांनी आपली किटली उचलली. शेवटी म्हणाले, "बरं हाय. पन एखादी कालवड दाखवाया पायजे हुती."

रांग पांगल्यावर आबांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. आक्काला डेअरीत वेळेवर बसायचं म्हणून तिनं काल म्हैस लवकर पिळली. ती म्हैस मोठी नखरेल. आक्काच्या हाताशिवाय कुणाला लागायची नाही, म्हणजे दूधच द्यायची नाही, आणि वेळ बदललेली तिला चालायची नाही. तिनं पान्हाच सोडला नाही. सकाळीही तसंच. आक्काची किटली दोन्ही वेळा अर्धीच आली होती. मी पुढं कित्येक दिवस बघत होतो, ती म्हैस सुधारायला वेळ लागला. आक्का त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "रुसली हाय. बाईमानूस हाय, रुसंल आनि हसंल."

आणि त्याच बैठकीत म्हणाली, "मग? तू कवा जातोस घरी?"

"कॅन कोण घासणार?"

"तू काय हत्तीवर बसून जानार हायस का, वर्षं लागाया? जा. तात्याला मी बगती."

गेलो. रेल्वे, मग एसटी, मग पायी. मी वाटेतच ठरवून टाकलं होतं, दारात जी कुणी बाई असेल तिला नीट बघायचं. घाई करायची नाही. दारात माय बसली होती, मिरच्यांची देठं काढत. केस पांढरे. खांदे खाली आलेले. मी रस्त्यावरूनच हाक मारली, "माय!" तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "काऊन गा, इतका कसा वाळला?" पाहुणा म्हणून कुणी बसवलं नाही. मिरच्या पुढ्यात सरकवल्या, देठं काढ म्हणून.

आता दरसाल जातो. परत येतो तो वडगावलाच, कारण कामही इथंच आणि आक्काही इथंच. मायनं आक्कासाठी पाठवलेली तांदळाची पिशवी खांद्यावर असते.

आक्कानं आजतागायत एकाही पिच्चरचा शेवट बघितलेला नाही. त्या हत्तीच्या पिच्चरचाही नाही. तिला तो माझ्या तोंडून माहीत आहे, दुधाच्या मापांच्या मधून मधून सांगितलेला. आड येते ती म्हैस. इंदापूरहून आल्यावर मी तिच्याशी खूप खटपट केली. आंबोण माझ्या हातानं घातलं, पाठ खरारली, आक्काचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून धारेला बसलो. सगळा गोठा बघायला जमला. तिनं मला एक लाथ अशी दिली की किटली गव्हाणीत आणि मी शेणात. आक्का हसून हसून खाली बसली. "वळखलं तिनं तुला! वळखलं!"

पण त्या म्हशीला पुढं रेडी झाली. ती जन्मली तेव्हा पहिल्यांदा अंगावर पडलेला हात माझा होता. पोत्यानं तिला कोरडं मी केलं, पहिला चीक बोटानं मी चाटवला, रोज संध्याकाळी डेअरीतून आल्यावर तिच्या कासेवरून हात फिरवायची सवय मी लावली. म्हातारी आता आटत चालली आहे. रेडी यंदा गाभण आहे. माझ्या हाताखाली ती डोळे मिटून उभी राहते.

म्हणून आक्का, तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, कुणीतरी तुला हे वाचून दाखवेल. ही व्याली आणि माझ्या हाताला लागली, की एक दिवस मी तुला तीनच्या खेळाला थेटराच्या दारापर्यंत सोडीन आणि उलट्या पावली धारेला येईन. पिच्चर कुठलाही असो. मध्यंतराला दिवे लागतील, दारावरचा ओरडेल, सांगवीवाले उठतील, वडगाववाले उठतील. तू उठायचं नाहीस. शेवटची पाटी येईपर्यंत बसायचं. म्हशीकडं मी आहे.